दार उघडं ठेवायचा दिवस

ओला स्वेटर जमिनीवर पसरू नकोस, असं केर्तूला सांगत होते, तेवढ्यात पाठीवर गारठा आलाच. आमच्या ह्या बाईसाहेब पुसानचा समुद्र बघून नुकत्याच परतल्या होत्या, आणि अंगणाकडचं दार सताड उघडं.

"दार," मी म्हटलं.

"लावते, मावशी," म्हणाली आणि मोजे काढत बसली.

काय बोलायचं! कॉलेजात जाण्याआधी शाळेचं एक वर्ष परदेशात काढायचं, लोकांच्या घरी राहायचं, सुट्टी लागली की आपल्यासारख्या पोरांबरोबर देशभर हिंडायचं, असली ही योजना. आमचे हे वारल्यावर इथे कोरियात, जॉन्जूच्या या घरात मी एकटी पडले, म्हणून शेजारणीनं सुचवलं आणि एस्टोनियाची ही सतरा वर्षांची पोर माझ्या पदरात पडली. कुठून हो म्हटलं कोण जाणे. कोबीची तिखट किमची पाण्यात धुऊन खाते. घराची जमीन खालून तापती ठेवायला मी गॅस जाळायचा आणि हिनं दार उघडं टाकायचं. तिच्या देशात याहून थंडी असते म्हणे. मग तिथे दारं नसतात का? उठताबसता 'दार लाव' करून माझा घसा बसला, पण तिच्या डोक्यात काही शिरेना.

दुसऱ्या दिवशी ह्यांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. गावाहून सासूबाई आणि दीर आले. परक्या पोरीला आजच्या दिवस दुसरीकडे पाठव, असं सासूबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, बसेल गप कोपऱ्यात. खरं तर सकाळपासून तिनं मुकाट्यानं चेस्टनट सोलून दिले होते, मला हाकलवेना.

संध्याकाळी पाट मांडला. फळं, मासा, भात, मुळ्याचं सूप, तांदळाची दारू, मागे ह्यांचा फोटो. उदबत्ती लावली, अंगणाचं आणि घराचं, दोन्ही दारं उघडी केली. आम्ही कपाळ जमिनीला टेकवलं आणि मागे कडी वाजली.

केर्तू शाबासकीची वाट बघत उभी होती.

"लावलं, मावशी. आज न सांगता."

सासूबाईंनी कपाळ उचलून दाराकडे बघितलं. "माझ्या लेकाला दारातून परत पाठवलंत," एवढंच म्हणाल्या. माझा असा संताप झाला! इतक्या महिन्यांत नाही, ते मेलं आजच सुचावं?

"त्या दारानं आमचे हे यायचे होते गं," मी म्हटलं. "गेलेलं माणूस वर्षातून एकदाच, या दिवशी घरी येतं. मी वाट बघत होते."

पोरीचा चेहरा उतरला. तिनं दार उघडलं आणि नुसत्या मोज्यांवर गल्लीत गेली. तिच्या चपला उचलून मी चरफडत मागे निघाले. सर्दी झाली की निस्तरायचं मलाच.

वळणापाशी ती थांबली. रिकाम्या गल्लीकडे तोंड करून कमरेत वाकली, आणि शाळेत गुरुजींशी बोलते तशा अदबीनं म्हणाली, "काका, चूक माझी झाली. मावशी थांबल्यात. या."

मग भिंतीला चिकटून तिनं वाट दिली, आणि वडीलधाऱ्यांमागून चालतात तशी, एक पाऊल मागे राहून, हळूहळू घराकडे आली. चपलांकडे तिनं बघितलंही नाही. मीही आपोआप बाजूला झाले.

सासूबाई उंबऱ्यातून सगळं बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले.

"सूप गार झालं असेल," त्या मला म्हणाल्या. "गरम करून आण."

मी गॅस पेटवला. हे कधी वेळेवर जेवायला आले नाहीत. एकेका जेवणाला दोनदोनदा सूप गरम करायला लावायचे, आणि मी भांडी आपटायचे. सूप उकळलं, तरी मी ते ढवळत राहिले.