कारणाचा रकाना

"काका, सतरा नंबर आत्ता किती आहे?"

पोरीने विचारलं आणि तेलकाकांनी आधी तिच्या हातातल्या टॅबकडे पाहिलं. त्यावर आकडे लुकलुकत होते. ज्याच्या हातात उत्तर असतं तो प्रश्न कशाला विचारतो, हे काकांना नोकरीने चांगलं शिकवलं होतं. तो चूक पकडायला विचारतो.

"पासष्ट," ते म्हणाले.

"नक्की?"

"रजिस्टरात आहे की. बघा."

पोरीने रजिस्टर उघडलं, मान हलवली आणि गेली. तिला सगळे डबीवाली म्हणत. मुख्य कचेरीतून आलेली, वयाने काकांच्या धाकट्या मुलीएवढी. महिन्याभरात तिने मशीनभर काड्यापेटीएवढ्या डब्या चिकटवल्या होत्या. डबी बेअरिंगचा ताप मोजते आणि आपणहून कॉम्प्युटरला कळवते, असं मोठ्या साहेबांनी सभेत सांगितलं होतं. सभेत बिस्किटं होती, नवे टी-शर्ट होते. "कोणाचीही नोकरी जाणार नाही," असंही साहेब म्हणाले, तेही दोनदा. काकांनी हातातलं बिस्किट तिथेच खाली ठेवलं. न विचारता दोनदा सांगितलेली गोष्ट खरी असल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तेलकाका म्हणजे कागद कारखान्याच्या सुकवणी विभागातले तेलवाले. तिथे वाफेने तापलेले अठ्ठेचाळीस लोखंडी रूळ दिवसभर फिरतात, त्यांच्यावरून ओला कागद जातो आणि पलीकडे कोरडा निघतो. रुळाच्या टोकाला बेअरिंग. तासातासाला फेरी मारायची, तेल बघायचं, बेअरिंगला उलटा हात लावायचा आणि किती तापलंय त्याचा आकडा रजिस्टरात लिहायचा, एवढंच त्यांचं काम. एवढंच, पण एकतीस वर्षं. पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं दुसरं काहीतरी नाव होतं, ते बहुधा त्या चिठ्ठीलाच ठाऊक.

आता खरं सांगायचं तर सतरा नंबर कधीच पासष्ट नव्हतं. त्याच्या शेजारूनच वाफेचा मोठा पाइप आत शिरतो, त्यामुळे ते जन्मापासूनच तापट. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात काकांनी तिथे थर्मामीटर लावून इमानदारीत अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. रजिस्टरात शेवटी एक रकाना छापलेला होता : 'सत्तरच्या वर असल्यास कारण लिहावे.' त्यांनी कारण लिहिलं. मशीन चार तास बंद राहिली, चौकशी बसली, बेअरिंगमध्ये काही निघालं नाही आणि सगळ्यांनी मिळून काकांना धुतलं. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मग बाजूला घेऊन सांगितलं, "पासष्ट लिहायचं. तुझ्या हाताला कळतंय ना? झालं तर."

हाताला कळत होतं. सतरावर दोन मोजेपर्यंत हात ठेवता येतो. एकलाच काढावा लागला, तर धावत जाऊन मशीन थांबवायची. काकांनी एकतीस वर्षांत तशी तीनदा थांबवली होती, आणि तिन्ही वेळा बेअरिंग खरोखर गेलेलं निघालं होतं. रजिस्टरात मात्र त्या तिन्ही दिवशी पासष्टच होतं.

"तुला विचारलं का तिने?" जेवणाच्या सुट्टीत जाड्याने विचारलं. जाड्या सतरापासून चार हातांवर उभा राहून कागदाची कड सांभाळायचा. "मला विचारलं, हे कधी गरम वाटतं का. मी म्हटलं, मला काय माहीत, मी माझ्या कडेकडे बघतो."

"बरं केलंस. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"गोड बोलते पण."

"गोड बोलणाऱ्याचाच हिशेब आधी कळत नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबीवाली स्वतःच शोधत आली. चेहऱ्यावर हसू होतं. काकांनी तेलाची बरणी छातीशी धरली.

"काका, तुमच्यामुळे वाचले बघा. सतराची डबी पहिल्या दिवसापासून अठ्ठ्याहत्तर दाखवत होती. साहेब म्हणाले, बेअरिंग बदला, तेलवाल्याला जाब विचारा. मी म्हटलं, थांबा. एकतीस वर्षं हा माणूस पासष्ट लिहितोय, एक दिवस चुकलेला नाही. डबीच चुकत असणार. मग तिच्यातून तेरा वजा करून टाकले. आता बरोबर पासष्ट दाखवते."

"म्हणजे... माझ्यावर काही नाही ना?"

"तुमच्यावर काय? तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून तर हे केलं."

ती गेली. काकांना आधी मोकळं वाटलं, खोटं कशाला बोला. बला टळली म्हणून त्यांनी जाड्याला चहासुद्धा पाजला. पण पुढच्या फेरीत सतरावर हात ठेवला, दोन मोजले आणि नजर त्या डबीवर गेली. तिचा हिरवा दिवा शहाण्यासारखा लागलेला होता.

संध्याकाळी घरी बूट काढता काढता त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

"कारखान्यात डोळे तपासले होते ते आठवतं?" ती म्हणाली. "रांगेतल्या पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ केलीत. डोळे अधू निघाले तर काढून टाकतील म्हणून."

"त्याचं काय आता?"

"डॉक्टरने लिहून दिलं, डोळे उत्तम. आणि आठव्या दिवशी जिन्यावरून पडलात. डॉक्टरची काय चूक होती हो?"

काका बूट हातात घेऊन बसून राहिले. तेरा वजा. सतरा शंभरावर गेलं तरी डबी सत्त्याऐंशीच म्हणणार, आणि नव्वदच्या आत ती तोंड उघडणार नाही, हे डबीवालीनेच सभेत सांगितलं होतं. बेअरिंग अडकलं की ठिणगी उडते, आणि सुक्या कागदाच्या भुशाजवळ ठिणगीला पाय फुटतात. तिथून चार हातांवर जाड्या, त्याचं लक्ष आपल्या कडेकडे. काकांना त्या घटकेला स्वतःची लाज वाटली.

सकाळी ते कपडे न बदलता थेट तिच्या टेबलाशी गेले.

"पोरी, डबी खरं बोलत होती. खोटं मी लिहीत होतो."

त्यांनी सगळं सांगितलं, चौकशीपासून मिस्त्रीपर्यंत. तिने एकही शब्द लिहून घेतला नाही, हे त्यांनी पाहून ठेवलं. मग ते तिला सतरापाशी घेऊन गेले.

"उलटा हात लाव. मोज."

"एक" पुरतं म्हणायच्या आत तिने हात काढला. काकांना हसू आलं.

"मीही पहिल्या दिवशी असाच काढला होता."

तिने तिथेच टॅब उघडला आणि वजा केलेले तेरा परत घातले. मग विचारलं, "बाकीच्या सत्तेचाळीसांचं खरं काय?"

हा प्रश्न येणार हे काकांना रात्रीच कळलं होतं. "सांगतो. आधी तू सांग. माझी फेरी बंद होणार ना?"

तिने टॅब खाली केला.

"हो काका. परवापासून. ते मी ठरवलेलं नाही. तुम्हाला गोडाउनमध्ये घेणार आहेत."

"साहेबांनी दोनदा सांगितलं तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले. त्यांचा संशय खरा निघाला होता, पण त्याचा आनंद काही होईना. सांगावं की गप्प बसावं, हे अजूनही त्यांच्याच हातात होतं. त्यांनी एकदा जाड्याकडे पाहिलं. तो कड सांभाळत उभा होता.

"लिही," ते म्हणाले. "एक नंबर, बासष्ट. दोनला तेल जास्त लागतं. नऊ सोमवारी थंड असतं, सुट्टीनंतर तापायला वेळ घेतं, त्याला घाबरायचं नाही. एकोणतीस कुरकुरतं, पण ते तोंडाचंच तिखट..."

ती उलट्या पिंपावर बसून लिहीत राहिली. पाळी संपेपर्यंत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तिच्याकडे गेली.

शेवटची फेरी दुसऱ्या दिवशी होती. काकांनी ती नेहमीच्याच चालीने मारली, मग रजिस्टर उघडून आकडे भरले. सतरासमोर त्यांनी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. पेन पुढे सरकून त्या शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. पहिल्या आठवड्यानंतर तो कोराच राहिला होता. काय लिहावं ते त्यांना पटकन सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'नेहमीचेच', आणि खाली सही केली.

मग रजिस्टर दोरीने खिळ्याला टांगलं आणि ते हात धुवायला गेले.