विहिरीतला दिवा, खाणीतला दिवा

जानेफळच्या पंचक्रोशीत विहीर म्हटली की पुंजाजीचं नाव निघायचं. नवी खणायची असो की वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या विहिरीचा गाळ काढायचा असो, मालक आधी त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि पुंजाजीही अंमळ भाव खायचा. त्याची रीत एकच. टोपलीत पेटती पणती ठेवायची आणि दोराने ती विहिरीत सोडायची. पणती विझली तर खालची हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. जळत राहिली तर देवाचं नाव घेऊन उतरायचं. तीस वर्षांत त्याच्या विहिरीत एकही माणूस दगावला नव्हता. हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा, पण खोटं नव्हतं.

हीच रीत त्याने दोन्ही मुलांना शिकवली, थोरल्या तुळशीरामला आणि धाकट्या कारभारीला. म्हणूनच अर्जुनराव मुकादम छिंदवाड्याकडच्या कोळशाच्या खाणीसाठी माणसं शोधत आला, तेव्हा त्याने तुळशीरामला आधी हेरलं. जमिनीच्या पोटात उतरायची सवय असलेला गडी त्याला आयताच मिळाला. गावातले आणखी तिघे तुळशीरामच्या भरवशावर निघाले.

आठ महिन्यांनी खाणीत स्फोट झाला. एकोणीस माणसं मेली. त्यांत तुळशीराम होता, गावातले दोघे होते. आतली आग विझावी म्हणून खाणीचं तोंडच बंद केलं, त्यामुळे सरणावर ठेवायलाही काही घरी आलं नाही. पुंजाजीच्या बायकोने, सोजराबाईने, लेकाचं धोतर छातीशी धरून आक्रोश केला आणि मग ती बोलायचीच बंद झाली.

चौथा निवृत्ती वाचला. दोन महिन्यांनी तो भाजलेले हात घेऊन गावात आला आणि घरी न जाता थेट पुंजाजी काम करत होता त्या विहिरीवर गेला.

"काका, कोणाले सांगतलं नाही, तुम्हाले सांगतो," तो म्हणाला. "मुकादमानं आमाले बंद पडलेल्या जुन्या बोगद्यात धाडलं. तुळशीराम म्हणे, थांबा बे, आधी हवा पाहू. त्यानं दिवा काठीले बांधला अन् आत धरला."

"विझला?"

"नाही ना काका. उलट ज्योत लांब झाली. निळी निळी. तुळशीराम हासला. म्हणे, या रे, दिवा कसा झकास जळून राह्यला. मी कुदळ आणाले मागं वळलो होतो, म्हणून जगलो."

दवाखान्यात एका जुन्या खाणकामगाराने निवृत्तीला सगळं उलगडून सांगितलं होतं. कोळशाच्या वायूत दिवा विझत नाही, ज्योत वाढते आणि मग भडका उडतो. ही गोष्ट तिथल्या जुन्या माणसांना ठाऊक होती. नव्यांना सांगायची कोणाला सवड नव्हती. खाणीला कोळसा हवा होता.

"ज्योत लांब झाल्यावर किती वेळ होता?" पुंजाजीने विचारलं.

निवृत्तीने मान खाली घातली. "वेळ कुठचा काका. त्याचं बोलणंबी पुरं झालं नव्हतं."

पोराला खाणीने मारलं असं पुंजाजी दोन महिने म्हणत होता. आता त्याला स्वतःचीच किळस आली.

त्याच आठवड्यात अर्जुनराव पुन्हा माणसं न्यायला आला आणि कारभारी त्याच्याशी बोलताना दिसला. पाठोपाठ मेहकरच्या तहसिलीतून कारकून भगवानराव आले. ते खाणी तपासणाऱ्या सरकारी साहेबाचे प्रश्न घेऊन आले होते. चावडीत सगळं गाव जमलं.

"मालक म्हणतात, खाणीत वायू नव्हताच," भगवानराव म्हणाले. "साहेबांना ज्योत बाहेर न जाऊ देणारे जाळीचे, कुलूपबंद दिवे सक्तीचे करायचे आहेत. पण वायू होता हे सांगणारा एकही माणूस सापडत नाही."

पुंजाजी उठला. कारभारीला अडवायचा दुसरा उपाय त्याच्याजवळ नव्हता. पोराला खाणीचं भय बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

"वायू होता," तो म्हणाला. "माह्या पोरानं उघडा दिवा आत धरला. दिवा जळला म्हणजे हवा चांगली, हे त्याले मी शिकवलं. ती एकोणीस माणसं माह्या शिकवणीनं मेली."

निवृत्तीनेही हो म्हटलं. मग मेलेल्यांपैकी एकाची बायको, गोजरबाई, उठली आणि पुंजाजीच्या तोंडाकडे पाहत बाहेर निघून गेली. ती शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं.

भगवानरावांनी जबानी लिहून घेतली, पुंजाजीचा अंगठा घेतला आणि कागद वर पाठवतो म्हणाले. नियम कधी होईल, हे त्यांनाही सांगता येईना.

अर्जुनराव मात्र पक्का बनेल. तो पारावर जाऊन बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "ऐकलं ना? बापच कबूल करून राह्यला. खाणीत काही खोट नव्हती, चूक तुळशीरामची होती. तुमी काऊन भेता?" दोन दिवसांत त्याने अकरा नावं लिहिली. पुंजाजी कपाळावर हात मारून घेत राहिला.

आणि गावाने पुंजाजीला विहिरीवर बोलावणं सोडलं. विहिरीत त्याची रीत आजही तितकीच खरी होती, पण एकोणीस माणसांचं ओझं असलेल्याच्या शब्दावर खाली कोण उतरणार? चार महिने बापलेक हात बांधून बसले. लोकांच्या दारी मजुरी मागायला गेले तर बायका पोरांना आत ओढून घेत. अर्जुनराव पुढच्या खेपेला आला, तेव्हा त्याच्या यादीत बारावं नाव कारभारीचं लागलं.

"नको जाऊ बेटा," पुंजाजी म्हणाला. "तुह्या पाया पडतो."

"मंग इथं कोणाची विहीर खणू?" कारभारी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पुंजाजीला त्याचंच जास्त लागलं.

निघायच्या दिवशी कारभारीने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. सोजराबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर बैलगाडी उभी होती आणि अर्जुनराव घाई करत होता. जाळीच्या दिव्यांचा हुकूम अजून आला नव्हता.

उंबऱ्यात कारभारी थांबला. हा घरातला भित्रा पोरगा, विहिरीत उतरतानासुद्धा तो दोर दोनदा ओढून पाहायचा.

"बाबा, मले आता समजते ना," तो म्हणाला. "ज्योत लांब झाली का लगेच मागं पयाचं. तेवढा वेळ भेटते ना?"

पुंजाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाव," तो म्हणाला. "भेटते."