पायलीभर ऊन

हिरडेवाडीच्या खळ्यावर त्या दिवशी अख्खी वाडी लोटली होती आणि प्रज्ञाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. भीती होती, नाही असं नाही, पण भीतीपेक्षा उत्साह दांडगा. वऱ्हाड वेशीत आल्याची वर्दी मिळाली की घरातल्या पोरी उगाच या खोलीतून त्या खोलीत पळतात, तसं तिचं चाललं होतं. रांजणाकडे जा, काटा बघ, इंजिनाचा पट्टा चाचप, पुन्हा रांजणाकडे.

रांजण म्हणजे काही पाण्याचा रांजण नव्हे. खळ्याच्या कडेला लोखंडी घोडीवर चढवलेला तो काळाकुट्ट बॉयलर होता. नाव बायांनी ठेवलं आणि तेच चिकटलं. त्याच्यासमोर खळ्यात तीसेक आरसे उभे होते, एकेक दाराएवढा, आणि प्रत्येक आरशामागे एक बाई. आरसा तिरपा करून उन्हाचा कवडसा रांजणावर पाडायचा, सूर्य सरकला की आरसाही सरकवायचा. सगळे कवडसे एका जागी पडले की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेवर इंजिन फिरतं, इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर भाताची गिरणी चालते. निदान प्रज्ञा तसं म्हणत होती. इंजिन चार वेळा फिरलं होतं, एकदा बल्बही लागला होता. गिरणी मात्र अजून बसूनच होती.

वाडीत लाइट नव्हती असं नाही. पण ती सिंगल फेजची आणि स्वभावाने लहरी. तिच्यावर गिरणीची मोटर नुसती घुमायची. त्यामुळे भात भरडायचं तर पोतं डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत उतरा, जीप बघा, शिनोलीवरून घोडेगाव गाठा आणि परत या, असा सगळा द्राविडी प्राणायाम. तांदूळ पिकवणाऱ्या घरात तांदळासाठी दिवस मोडायचा, याचा लंकाबाईला भारी राग होता. लंकाबाई म्हणजे बचत गटाची अध्यक्ष आणि वाडीतल्या एकुलत्या एका दुकानाची मालकीण. बोलायला फटकळ, मनाने मऊ.

देव्हाऱ्याच्या तसबिरीला काच बसवायला ती एकदा जुन्नरला राजरत्न काचवाल्याकडे गेली होती. तिथे शेजारीण भांडत होती. राजरत्नच्या मुलीने, म्हणजे प्रज्ञानेच, गच्चीवर आरसे मांडून वाफ काढायचा उद्योग केला होता आणि एका आरशाचा नेम चुकून शेजारणीची वाळत घातलेली गोधडी धुमसली होती. कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेली ही डिप्लोमावाली पोरगी मान खाली घालून बोलणी खात होती. शेजारीण गेल्यावर लंकाबाई म्हणाली, "पोरी, उन्हानं गोधडी जळती, तर गिरणी का नाय फिरणार?" एवढ्या एका वाक्यावर प्रज्ञा हिरडेवाडीला आली होती. आळेफाट्याच्या वेल्डरकडून चौकटी करून घेतल्या, काचा बापाच्या दुकानातून आल्या, आणि जागा म्हणून गावाने पावसाळा सरताना हे सामायिक खळं दिलं.

आता त्याच खळ्यावरून पेच पडला होता. भात कापून झालं होतं. उद्या खळं सारवायचं, परवा मळणी. बाळासाहेब वाडीतला वडीलधारा माणूस, त्याने बैठकीत सरळ सांगितलं होतं, "दिस मावळायच्या आत त्या यंत्रानं पायलीभर तांदूळ काढून दावा. मग यंत्र ऱ्हाईल, आमी मळणीचं दुसरं कायतरी बघू. नाय निघालं तर खळं मोकळं करा. आरशात त्वांड बघून कुनाचं प्वाट भरत नाय." त्याचं काही खोटं नव्हतं. आता तो दोरखंड घेतलेले पाच-सहा गडी बरोबर घेऊन बांधावर बसला होता, यंत्र उचलायच्या तयारीनेच.

त्यात सकाळभर धुकं, मग ढग. ऊन पडलं ते दुपार कलल्यावर. पण पडलं ते असं लख्ख की सगळ्या बाया एकदम ताठ झाल्या. एकेक कवडसा रांजणावर चढला. काळा रांजण आधी करडा दिसायला लागला, मग त्याच्याकडे बघवेना. आत पाणी खदखदायला लागलं. वाफेच्या दाबाचा काटा हलला, चढला. प्रज्ञाने झडप उघडली, इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते फिरू लागलं. बघ्यांमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. गिरणीच्या तोंडात भात ओतून गटातली जानकाबाई सूप घेऊन उभी राहिली.

काटा खुणेच्या जरासा अलीकडे थांबला होता. मागच्या रांगेतले पाच आरसे प्रज्ञाने राखून ठेवले होते. आता तेवढे लागले की गिरणी फिरलीच. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून ती ओरडली, "लंकाबाई, वाढवा."

लंकाबाई दचकली. तिने एकवार प्रज्ञाकडे पाहिलं, एकवार रांजणाकडे, आणि खच्चून हाक दिली, "वाढवा गं बायांनो, लवकर वाढवा."

आणि बायांनी क्षणात सगळेच्या सगळे आरसे जमिनीकडे पाडून त्यांच्यावर गोणपाटं टाकली.

रांजण काळा पडला. काटा घसरला. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. प्रज्ञा धावत खळ्यात आली. "अहो, हे काय केलंत? कुणी सांगितलं?"

"तूच म्हनलीस ना, वाढवा म्हनून," लंकाबाई धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं रांजण फुटतोय का काय."

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. तिच्या डोक्यात वाढवणं होतं ते डिप्लोमाचं. लंकाबाईकडे ते देवघरातलं आणि दुकानातलं. इथे दिवा कुणी विझवत नाही, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मग साक्षात सूर्यनारायण आरशात आलेला असताना त्याला 'बंद करा' असं कोण म्हणेल? रोज संध्याकाळी आरसे झाकताना लंकाबाई 'वाढवा' म्हणायची आणि ते प्रज्ञाच्या कानावरून जायचं. आणि परक्यांचं कशाला, तिचा बापच रोज शटर ओढताना म्हणायचा, चल, दुकान वाढवू. जन्मभर ऐकलेला शब्द ऐन वेळी असा उलटला. तिला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि हसू आधी बाहेर पडलं. ते बघून बायाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हसा," बांधावरून बाळासाहेब म्हणाला. "पर सावली बघा कुठं आली ती."

सगळ्यांनी वळून बघितलं. पश्चिमेच्या डोंगराची सावली खळ्यात उतरली होती. पहिली रांग तिने गिळली होती आणि दुसरीच्या पायाशी ती पोचत होती. नवी वाफ धरायला वेळ लागणार, आणि तोवर खळ्यात ऊन नावाला उरणार नव्हतं. प्रज्ञाचं हसू मावळलं. पूर्वेच्या चढावर मात्र, खळ्याच्या वरच्या अंगाला, नाचणी काढून मोकळ्या झालेल्या वरकस रानात ऊन अजून पिवळंधमक होतं. तिथून रांजण समोर दिसत होता. आरसा उन्हात असला म्हणजे झालं, रांजण सावलीत असला तरी त्याचं काही अडत नाही.

ती बांधापाशी गेली. "भाऊ, तुम्ही हे आरसे उचलायलाच माणसं आणलीत ना? मग उचला. फक्त खाली नेऊ नका, वर न्या. त्या रानात."

बाळासाहेबाने रानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ते रान माझं हाय, म्याडम."

"मग परवानगी विचारायला लांब जायला नको," लंकाबाई म्हणाली.

बाळासाहेब धोतराचा सोगा खोवून उठला. "दिस मावळायच्या आत, असं मीच बोललो. तिथं अजून मावळला नाय. शब्द म्हंजे शब्द. भिका, धर रं तिकडून."

आणि मग जी धांदल उडाली ती हिरडेवाडीने आजवर पाहिली नसेल. गडी चौकट उचलायचे, बाई पुढे पळत जागा दाखवायची. बघे म्हणून आलेले बघे राहिले नाहीत. म्हाताऱ्या धोंडाबाईने टेकू द्यायला दगड गोळा केले. "माझा आरसा उलटा धरू नका वो," "जरा डावीकडं, दाजी," असा चढावर नुसता कालवा. जिची उंची पुरेना तिच्या आरशाला दोन गडी खांदा देऊन उभे राहिले. खुद्द बाळासाहेब चौथा आरसा वर आणताना घामाने निथळत होता आणि कुणी हात लावायला आलं तर अंगावर ओरडत होता.

खाली रांजणापाशी प्रज्ञा आणि गिरणीपाशी सूप धरून जानकाबाई, एवढ्या दोघीच उरल्या होत्या. वरून एक कवडसा आला, चुकला, तिच्या डोळ्यांवरून फिरला आणि रांजणावर बसला. मग दुसरा. मग एकदम सात-आठ. सावलीत बुडालेल्या खळ्यावर तो एकटा रांजण पेटल्यासारखा उजळला. अजून कोमट असलेलं पाणी बघता बघता बोलायला लागलं. काटा निघाला. या खेपेला प्रज्ञाने शब्दाच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं होतं. तिने दोन्ही हात वर करून सगळ्यांना आपल्याकडे बोलावल्यासारखं केलं, आणि राखीव पाचही कवडसे येऊन पडले.

इंजिनाने वेग धरला. जनरेटरचा आवाज चढला. तिने खटका दाबला. मोटर घुमली, अडली, आणि गिरणी धडधडत सुरू झाली. एका अंगाने तूस उडालं, दुसऱ्या अंगाने जानकाबाईच्या सुपात पांढरा तांदूळ पडायला लागला. जानकाबाईने तो मुठीत घेतला. "ऊन हाय गं अजून," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. प्रज्ञा तर केव्हाची रडत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

पायली भरली. शीग लावून भरली. तेव्हा चढावरचं ऊन नुकतं लाल व्हायला लागलं होतं.

जानकाबाईने पायली डोक्यावर घेतली आणि सगळे वर बाळासाहेबाला दाखवायला गेले. तो रानाच्या बांधावर पाय पसरून बसला होता, अंगात त्राण नसल्यासारखा. त्याने तांदळात हात घातला, चार दाणे तोंडात टाकले, चावले. मग त्याची नजर खाली गेली. खळ्यात एकही आरसा उरला नव्हता. कडेचा रांजण, इंजिन आणि गिरणी सोडली तर सगळं खळं मोकळं होतं, उद्या सारवायला तयार.

लंकाबाईनेही ते पाहिलं. "बाळासाहेब," ती जपून म्हणाली, "खळं तर मोकळं झालं. आता आरसं कुठं ठेवायचं?"

बाळासाहेबाने गमछ्याने तोंड पुसलं आणि आपल्या रानात उभ्या असलेल्या तीस आरशांकडे पाहिलं.

"हितंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हितं ऊन लई वेळ असतं."