शेपटीवरचा थर

धाकटीनं गॅसची ज्योत प्लॅस्टिकच्या होडीच्या शेपटीवरून, मागच्या टोकावरून, झरझर फिरवली, इस्त्री फिरवावी तशी, आणि वर वाटीभर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले नि टपटप ओघळून गेले. म्हणजे अजून नाही. हे प्लॅस्टिक असलं हट्टी, की कशालाच चिकटू देत नाही. गोंद लावा, रंग लावा, दुसऱ्या दिवशी सालीसारखा सुटून हातात. ज्योतीनं त्याची कातडी नुसती शेकायची, जाळायची नाही, आणि ओतलेलं पाणी मणी न होता सपाट पसरलं की समजायचं, आता स्वारी वठणीवर आली.

तिनं होडी पुसली, परत शेकली, परत पाणी ओतलं. या वेळी पसरलं.

मग कोरडी करून दोन नळ्यांतला गोंद कालवला, काचेच्या धाग्यांचं कापड त्यात भिजवलं आणि शेपटीवर चापून बसवलं. हे तिसऱ्यांदा! दोनदा ती सुट्टी काढून माहेरी आली, दोनदा हाच थर लावून गेली, आणि दोन्ही वेळा परत येऊन बघते तर थर गायब. बरं, सुटला असता तर कडा उचलल्या असत्या. हा सुटला नव्हता, झिजला होता. लांबच लांब ओरखडे, आणि त्यांत अंगणातल्या फरशीची करडी धूळ.

ती होडी ओढणारा एकच माणूस होता या घरात, आणि तो जाऊन वर्ष उलटलं होतं. दादा पाण्यातच गेला. होडी तेवढी परत आली, उलटी, काठाकाठानं.

जिवंत होता तेव्हा दादा संध्याकाळी होडी घेऊन एकटाच यायचा, पुढचं टोक खांद्यावर घ्यायचा आणि शेपटी फाटकापासून शेडपर्यंत खरखरत ओढायचा. बाबा ओरडायचे, "अरे, उचल, तळ झिजतोय!" आणि हा म्हणायचा, "झिजू दे की, तुमची लेक बसलीये ना ठिगळं लावायला." ठिगळं लावायचं हे सगळं तंत्र तिला त्यानंच शिकवलेलं.

"परत तेच का गं?" भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं. त्या चादरी वाळत घालत होत्या.

"हो ना काकू. उद्या दादाच्या होडी-क्लबचे सर ही न्यायला येतायत. गेली की सुटले. ती दारात असेपर्यंत आईबाबा काही सावरत नाहीत."

"जाऊ दे बाई. तेवढा तो आवाज तरी थांबेल."

"कसला आवाज?"

काकूंनी झटकलेली चादर परत झटकली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. रोज संध्याकाळी येतो. त्याच्याच वेळेला. फाटकापासून आत, खर्रर्र."

धाकटीच्या दंडावर काटा आला. तिनं हातमोजा वर ओढून घेतला, जणू तो काटा गोंदामुळेच आला होता.

दुपारी जेवताना तिनं बाबांना विचारलं. बाबा हसले.

"काकूंना काय, उंदीर चालला तरी हत्ती वाटतो."

हसले खरे, पण ताटावरून उठताना कमरेवर हात ठेवूनच उठले, आणि मलमाचा वास खोलीभर पसरला.

"होडीला उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही हं," ती म्हणाली. "गोंद ओला आहे."

बाबांनी मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळ झाली. आईनं चार ताटं मांडली. धाकटीनं मोजली. आई ओट्याला टेकून उभी, हातात डाव, नजर भिंतीवर. बाहेर बाबा फाटकापर्यंत जात होते, परत येत होते, होडीपाशी थांबत होते. गरम भांड्यांवरची वाफ हळूहळू विरली.

"आई, वाढ ना."

"वाढते. येऊ दे."

धाकटी उठली नि तडक अंगणात गेली.

"बाबा, तुम्हीच ना?"

बाबा होडीच्या कडेला टेकले. "तुझी आई अन्नाला शिवत नव्हती गं. त्यातून बाहेर पडली तेव्हा तू इथे नव्हतीस, म्हणून माहीत नाही. एकदा पाऊस आला म्हणून होडी आत घेत होतो, उचलवेना, ओढली. आतून तिचा आवाज आला, 'आला.' आणि पोटभर जेवली त्या दिवशी. मग मी... रोजच."

"आणि तुमची कंबर?"

"कंबरेचं काय, ती झिजतेच."

ती परत आत आली. पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. आई मात्र भिंतीकडेच बघत हलक्या आवाजात म्हणाली,

"अडवू नकोस त्यांना."

"कोणाला?"

"बाबांना. मला काय कळत नाही होय? खिडकीतून सगळं दिसतं." आईनं डाव खाली ठेवला, परत उचलला. "आधी ते फाटकाला धरून उभे राहायचे. हाका मारून मारून थकायचे मी, आत यायचेच नाहीत. आता मी 'आला' म्हटलं की येतात. हात धुतात, जेवतात. म्हणून म्हणते."

धाकटी दारात उभी राहिली. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला अंगण, आणि मधे ही.

मग ती खाली उतरली. बाबांना म्हणाली, "एक टोक धरा, फाटकापर्यंत नेऊ." त्यांनी होडी अलगद नेली. तिथं तिनं बाबांना बाजूला केलं आणि पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

रिकामी होडी किती जड असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज ती त्याहून जड लागत होती. पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाय रोवले आणि ओढली. खर्रर्र. दिवसभर बसवलेला ओलसर थर फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी उतरत गेला.

"आला," आतून आई म्हणाली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

बाबा नळाखाली हात धुवायला वाकले. धुता धुता थांबले.

"उद्या सर येतील. काय सांगायचं त्यांना?"

धाकटीनं खांद्यावरचं टोक खाली टेकवलं आणि शेपटीवरून बोट फिरवलं. बोटाला गोंद लागला.

"सांगू," ती म्हणाली, "अजून वाळली नाही."