काढून न्यायचा खर्च

"उतरायच्या आधी उठायचं बघावं, पोरी. खुंट्या निघतील का, खड्डे बुजतील का, ते बघ. मग मेंढरं बसव."

केरबा जाऊन वर्षं लोटली, तरी बापाचं हे सांगणं तनुजाच्या कानातून गेलं नव्हतं. धनगराचा मुक्काम दुसऱ्याच्या रानात. खड्डा राहिला अन् शेतकऱ्याच्या बैलाचा पाय मोडला, तर पुढच्या साली तिथं थारा नाही.

त्याच सवयीनं चिकलठाण्याच्या कचेरीत समुद्रातल्या पवनचक्क्यांचा खर्च मांडताना तिनं काढून न्यायचा खर्च पहिल्याच पानावर घेतला. तळात रुतलेले खांब कापायचे, केबल उचलायची, क्रेनचं जहाज भाड्यानं आणून लाटा निवायची वाट पाहायची. उभारणी मागच्या पानांवर.

सुदर्शनसाहेबांनी पान उलटलंच नाही.

"तनुजाताई, बारशाला जाऊन तेराव्याचा स्वयंपाक विचारता व्हय?"

"पंचवीस वर्षांनी काढावंच लागंल, सर. नाहीतर कोळ्यांची जाळी फाटतील. पाहणीला गेले तवा तिथल्या कोळीण पारूबाईला मी शब्द दिलाय, काय ठरंल ते स्वतः येऊन सांगीन म्हणून."

"पंचवीस वर्षांनी तुम्ही नाय, मी नाय. शेवटी कोपऱ्यात टाकलं असतं तर कुणी बघितलंबी नसतं. आता पैसे लावणारी पार्टी पहिलं पान बघूनच पळंल. लिहा, भंगार विकून काढायचा खर्च भागतो."

"भंगार समुद्रातून चालत येतं का, सर?"

शेजारची मेघा खुदकन हसली अन् लगेच खाली बघू लागली.

"सही करता का नाय?"

सोमवार होता. उपासाच्या तोंडानं खोटं बोलायचं नाही; अन् तनुजाच्या लेखी सही म्हणजे बोलणंच.

"नाय," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. फाईल मेघापुढं सरकवली. मेघाच्या नोकरीवर तिचं अख्खं घर चालत होतं. तिनं सही केली. दिवेलागणीच्या आत अंदाज रवाना झाला, काढायचा खर्च शून्य.

"राग नको धरू गं," मेघा जिन्यात म्हणाली.

"तुझ्यावर कसला राग?"

राग स्वतःवरच होता. तिच्या नकारानं काडीसुद्धा हलली नव्हती. खर्च मागं लपवायची अक्कल असती, तर निदान कागदावर तरी राहिला असता. उपास सोडताना गोड घासही कडू लागला.

सकाळी देवापुढं दिवा लावून तिनं कचेरीत रजा कळवली. "दोन दिवसांत येते," एवढंच आईला सांगितलं, अन् पारूबाईच्या किनाऱ्याकडची गाडी धरायला उस्मानपुऱ्यातून पायीच बसस्टँडकडं निघाली.