करंजमाळची रिकामी गाडी

एसटीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची तेरा वाहतूक निरीक्षक म्हणून. निरीक्षक म्हणजे कोण, तर रस्त्यात हात करून गाडी थांबवणारा, कंडक्टरची पेटी उघडून बघणारा आणि गाडीत कुणी मजेत बसलं असेल तर त्याची मजा घालवणारा माणूस. माझी बायको सगुणा म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी रांगेतली डोकी मोजत बसाल." मोजायचोच. खोटं कशाला बोलू?

आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मखमलाबाद नाक्याजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सकाळी फिरायला पेठ नाक्यापर्यंत जातो आणि डोंगराकडून येणाऱ्या गाड्या बघत उभा राहतो. कंडक्टरच्या हातात आता बटणांचं यंत्र येऊ लागलंय. पूर्वीची ती पत्र्याची पेटी, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा, बॉनेटवर ऊन होत ठेवलेला ड्रायव्हरचा डबा, सगळं गेलं. सावळघाट चढायला लागला की मागच्या बाकांवरच्या बाया आपोआप गप्प व्हायच्या आणि माथ्यावर पोचलं की सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. ते दिवस मला फार प्रिय आहेत. त्यातच करंजमाळचे तीन दिवस आहेत, आणि ते आठवले की मात्र माझा मलाच राग येतो.

करंजमाळ पेठपासून सोळा किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा नुसती खडी. भात-नागली पिकवणाऱ्या डोंगरी लोकांचं गाव, शंभर-सव्वाशे घरं. सकाळी सातला तिथून एक गाडी पेठला यायची आणि संध्याकाळी पाचला परत जायची. दुसरं वाहन नाही. त्या रस्त्यावर टायर टिकत नाहीत म्हणून जीपवालेसुद्धा तिकडे फिरकत नसत. शाळा सातवीपर्यंत गावात, पुढची पेठला. बाजार पेठला, डॉक्टर पेठला, तहसील पेठला. म्हणजे त्या एका गाडीवर सगळं गाव लटकलेलं.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात वरून तोट्यातल्या फेऱ्यांची यादी आली आणि त्यात करंजमाळ होतं. शाळेच्या पोरांकडे पास असतात, त्यांची तिकिटं फाटत नाहीत, त्यामुळे कागदावर गाडी असते त्यापेक्षा रिकामी दिसते. म्हणून फेरी बंद करण्याआधी निरीक्षकाने तीन दिवस स्वतः गाडीत बसून माणसं मोजायची, अशी पद्धत होती. त्याला आम्ही भारमान पाहणी म्हणायचो. पाहणीला मी नेहमीचे ड्रायव्हर-कंडक्टर कधीच घेत नसे, कारण ते ओळखीच्यांना गोळा करून गाडी भरतात. या वेळी मी भिका ड्रायव्हर आणि नाथा कंडक्टर यांना लासलगावच्या फेरीवरून उचललं. दोघांनीही करंजमाळ जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी गावात पोचली आणि मी खिडकीतून बघतच राहिलो. सगळं गाव जमलेलं. दोन बायांनी गाडीत चढून ओल्या फडक्याने बाकं पुसली. कुणी तरी बॉनेटला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. गावचा पोलीस पाटील गोटीराम मला गुळाचा चहा देऊन दोन्ही हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, चला, एवढी माणसं म्हणजे गाडी भरणार.

सात वाजले. नाथाने घंटी दिली. गाडीत चढल्या त्या फक्त दहावीतल्या तीन मुली, आणि तापाने फणफणलेला एक म्हातारा.

पहिल्या वळणावर मला सगळं गाव पुन्हा दिसलं. आडवाटेने उतरून ते आमच्या पुढे रस्त्याला लागलं होतं. डोक्यावर नागलीची गाठोडी, बांबूच्या पाट्या, काखेत कोंबड्या, आणि सगळे पायी. गाडी बघून ते रस्त्याच्या कडेला झाले. मी भिकाला थांबायला सांगितलं आणि दारात उभा राहून ओरडलो, "अहो, गाडी मोकळी आहे. चला, बसा!"

"नगं सायेब, तू जा," गोटीराम म्हणाला. "मोकळी ने गाडी."

"सोळा किलोमीटर चालणार?"

"आमाला चालायची सवं हाय रं," डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो. मूर्खासारखा हसलो, हे आज कळतं.

त्या तीन मुलींपैकी एक खिडकीशी बसली होती. नाव सविता. बाप झिपरू, आई भागीबाई. ती पाटीवाली बाई म्हणजे तिची आईच. मी तिला दहावीचं विचारलं तर धडाधड बोलली. मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, गणित बरं जातं, इंग्रजीची भीती वाटते, पास झाले की नर्सिंगला जाणार. करंजमाळच्या एकाही मुलीने तोवर दहावीची परीक्षा दिलेली नव्हती. या तिघी पहिल्या.

"गाडीत रोज एवढीच माणसं असतात का गं?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, पोर लाजली.

दुसऱ्या दिवशी पाच माणसं, तिसऱ्या दिवशी सहा. अहवाल लिहायला बसलो तेव्हा मला माझ्या भाषेचा फार गर्व होता. आकडे मांडले आणि खाली शेरा मारला, 'सदर गावच्या ग्रामस्थांस पायी चालण्याची सवय असून एसटीची निकड आढळून येत नाही.' वाक्य इतकं आवडलं की घरी सगुणाला वाचून दाखवलं.

तिने भाकरी थापता थापता विचारलं, "निकड नव्हती तर बाकं कशाला पुसली त्यांनी?"

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

एक जानेवारीपासून गाडी बंद झाली.

फेब्रुवारीत मी दिंडोरीच्या पुढे एका फाट्यावर तपासणीला उभा होतो. द्राक्षकाढणी जोरात होती. बागेच्या बांधावर मजूर भाकरी खात बसले होते. त्यांच्यातली एक मुलगी उठून माझ्यापाशी आली. हात काळे झालेले, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"सायेब, मी सविता. करंजमाळची."

"अगं, तू इथे? परीक्षा तोंडावर आली ना?"

"गाडी बंद झाली. पंधरा दिवस चालत गेले, मंग पाय सुजले. पेठच्या वसतिगृहात जागा नाय. आईबाप इकडं कामाला निघाले, मला एकटीला घरी कसं ठेवणार? बाकीच्या दोघींचं बी असंच झालं."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. हा माझा जुना रोग. "मग गाडीत बसायचं होतं ना तुमच्या लोकांनी! तीन दिवस मी रिकामी गाडी हाकली. हातापाया पडायचं बाकी ठेवलं होतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. खरंच नवल वाटल्यासारखी.

"पन सायेब, तुम्हीच नको म्हणाला व्हता."

"मी? कधी?"

"होळीच्या बाजाराला. पेठच्या स्टँडवर. गाडीच्या टपावर मानसं व्हती, शिडीला लटकली व्हती. तुम्ही सगळ्यांना खाली उतरवलं आन् म्हणाला, परत या गाडीत एवढी गर्दी दिसली तर गाडीच बंद करून टाकीन. मंग तुम्हीच गाडी बघाया येणार असं कळलं. गोटीराम पाटलानं घरोघर सांगितलं, सायेब हाय तवर गाडीत कोनी चढायचं नाय. आठवी-नववीची पोरं घरी ठेवा. दहावीच्या पोरी तेवढ्या बसतील. गाडी वाचवायची व्हती ना."

मला ती होळी आठवेना. कशी आठवणार? दर बाजाराला मी कुणाला ना कुणाला झापत असे आणि गाडी बंद करायची धमकी तर चहाच्या घोटासारखी द्यायचो. शहरातला माणूस ते या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो. करंजमाळच्या लोकांनी ती सरकारची जबान समजून आठ महिने जपून ठेवली होती. सरकारने गर्दी नको म्हटलं, त्यांनी गर्दी केली नाही. सोळा किलोमीटर, तीन दिवस, डोक्यावर ओझी घेऊन.

"मी विचारलं तेव्हा तू तरी सांगायचंस," मी कसाबसा म्हणालो.

"बोलू नको असं सांगितलं व्हतं." मग ती हळूच म्हणाली, "पन मी बोलाया पायजे व्हतं, सायेब. मला एकटीलाच विचारलं तुम्ही. माझ्यामुळंच गाडी गेली."

पलीकडून भागीबाईने हाक मारली आणि ती बागेत गेली. चूक माझी आहे, तुझी नाही, एवढं एक वाक्य मला त्या वेळी बोलता आलं नाही. ते वाक्य मी तिला तिथेच, त्या बांधावर सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि लिहिलं की करंजमाळ फेरीचा माझा अहवाल चुकीचा आहे, ती चूक माझ्या दमदाटीमुळे झाली आहे, आणि पाहणी पुन्हा व्हावी. आगारप्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला. "अहो, नोकरीची आठ-नऊ वर्षं राहिलीत. स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध कशाला लिहून देता? मजकूर थोडा सौम्य करा." मी केला नाही. मला मेमो मिळाला, सहकारी वर्षभर चेष्टा करत राहिले. त्याचं काही नाही. मला घाई मार्चची होती. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर चालत होता, आणि त्यालाही पायी चालायचीच सवय होती. मार्च गेला. परीक्षा झाली. मे महिन्यात दुसऱ्या निरीक्षकाने पाहणी केली. त्याच्या आदल्या दिवशी मी करंजमाळला जाऊन गोटीरामला सांगितलं, "नेहमीसारखे बसा. कुणाला भिऊ नका." तो म्हणाला, "नक्की ना रं सायेब?" आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्या फेरीला मी मुद्दाम गेलो. गाव तसंच जमलेलं. बायांनी गाडीला कुंकू लावलं, गोटीरामने नारळ फोडला आणि पहिला तुकडा मला दिला. "सायबानं गाडी परत आनली," तो सगळ्यांना सांगत होता. मला ते ऐकवेना. मी मोठ्याने म्हणालो, "पाटील, गाडी घालवली पण मीच होती."

"जाऊ दे रं," तो म्हणाला. "तुझं कामच वरडायचं. आमी जास्तच ऐकलं."

गाडी भरत होती. पोरं, गाठोडी, कोंबड्या, तान्ही लेकरं. मी सविताला शोधत होतो. ती आली, बरोबर तिची धाकटी बहीण सरिता, नवा गणवेश, दोन वेण्या. सविताने तिचं दप्तर आत दिलं, तिला खिडकीशी बसवलं आणि खाली उतरली.

"तू का उतरलीस?" मी म्हणालो. "ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा असते. मी शाळेत बोलतो. फॉर्म आणून देतो. इंग्रजीचं काही अडलं तर..."

"सरिता आठवीला गेली, सायेब," ती समजावल्यासारखी म्हणाली. "घरातून एकीलाच सोडता येतं. दुसरीला कामाला जावं लागतं. माझी बारी संपली."

"मग तू..."

"तिला नर्स करू. गाडी आली, लय बरं झालं. तुमचे उपकार झाले, सायेब."

बांधावर राहिलेलं ते वाक्य मी तेव्हा बोललो. "सविता, गाडी तुझ्यामुळे गेली नव्हती. माझ्यामुळे गेली." तिने नुसती मान हलवली. कशाला हलवली ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

घंटी झाली. सुरू केलेल्या फेरीचं पहिल्या दिवशीचं भारमान कळवायचं असतं, म्हणून मी सवयीने पुढून मागे मोजत गेलो. बसलेले चव्वेचाळीस, उभे सतरा. एकसष्ट. इतका चांगला आकडा त्या मार्गावर मी कधी लिहिला नव्हता. मागच्या काचेतून बघितलं तर सविता अजून रस्त्यावर उभी होती, आणि तिला मोजायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.