पेढा लागलेलं बोट

मोहाडीच्या बाजार मैदानावर त्या सकाळी दीडेकशे माणसं मंचावरच्या शुगर मोजायच्या यंत्राकडे डोळे फाडून बघत होती. आधी आकडा तीनशे ऐंशी. तीर्थानं हात धुतले की एकशे पाच! ज्यांचा आकडा तीर्थानंतरही उतरेना, त्यांची श्रद्धा कच्ची ठरत होती. शर्करानंद महाराजांकडे सगळ्याची सोय होती.

मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवतो. गेलो होतो माझ्या वर्गातल्या दामिनीसाठी. तेरा वर्षांची पोर. आठव्या वर्षापासून तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. दिवसाला चार सुया. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला चित्रांची एक वही दिली होती: कधी तपासायचं, किती खायचं, चक्कर आली तर काय करायचं. त्या वहीवरून शिकून दामिनी स्वतःची सुई स्वतः घ्यायची. पण आत्या केशरबाईंनी तिच्या वडिलांचं, प्रविणचं, मन वळवलं आणि तिला महाराजांपुढे आणलं.

"प्रसादाचा पेढा बोटांनी तीनदा कुस्करा!" महाराज गरजले. "स्वादुपिंडातली झोपलेली नाडी खडबडून उठते!"

दामिनीनं पेढा कुस्करला आणि गुपचूप आत्याच्या हातात दिला. शिष्यानं तिचं बोट धरलं.

"थांबा जी, हात धुवू द्या."

"प्रसादाचा हात धुतेस? पाप लागन!"

यंत्रानं चारशे बारा दाखवले. मग तीर्थानं हात धुतले, पुन्हा टोचलं. एकशे अडतीस!

"सुई बंद!" महाराजांनी हात वर केला. प्रविणनं भरल्या डोळ्यांनी इन्सुलिनची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"बाबा, ते देऊ नका. दोन दिवसांत मी दवाखान्यात पडीन."

"आता डोळ्यानं पाह्यलं ना, बेटा. अजून काहून भेतेस? तुले रोज टोचून घेताना पाहून माझा जीव जाऊन राहिला."

दामिनीनं वही उघडून माझ्यापुढे धरली. चित्रात एक माकड आंबा खाऊन चिकट बोटच टोचत होतं आणि यंत्राचे डोळे गरगर फिरत होते. खाली लिहिलं होतं: बोटावर गोड, आकडा खोटा. पंधरा वर्षं विज्ञान शिकवतोय, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आत्या, तुमाले शुगर हाये का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"नाही वो माय! मी तं धट्टीकट्टी."

"मंग चला हापशीवर. साबणानं हात धुवा."

दामिनीनं स्वतःचं यंत्र काढलं, नवी सुई लावली. एकशे दोन.

"आता पेढा कुस्करा."

तीनशे शहाण्णव.

"अगा माय माय! मले शुगर झाली का वो?"

"झाली नाही, आत्या. बोटाले लागली."

पुन्हा हापशीवर हात धुतले. एकशे चार.

"हापशीतही आमचीच कृपा वाहून राहिली!" महाराज ओरडले.

मांडव घालून देणारे भय्याजी उठले. "मंग तुमी कायले आले, महाराज? हापशी तं गावात आधीपासून हाये."

मैदान खदखदून हसलं. महाराजांना तेवढ्यात तुमसरच्या भक्तांची आठवण झाली.

प्रविणनं पिशवी उचलली, बाहीनं पुसली आणि लेकीजवळ बसला. "मले शिकवशील ही वही?" त्यानं हळूच विचारलं. तिनं पहिलं पान उघडलं.

सांगायचं एवढंच. बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळली की यंत्र तीही मोजतं. हात धुतले की खरा आकडा दिसतो, मग ते पाणी तीर्थाचं असो की हापशीचं. यंत्र काय सांगतं हे बघताना ते कसं वापरलं हेही बघा, आणि विचारा. ज्या मुलाचा जीव इन्सुलिनवर आहे, त्याची सुई बंद करायला सांगणारा माणूस चमत्कार करत नसतो. तो त्या मुलाला मारत असतो.